ओसरीवरचा हवालदार

गावात शिरल्यावर भुवड हवालदारांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय, सगळं ठीक?" असे ते विचारत नसत, कारण त्याचे उत्तर सगळीकडे एकच येते. ते विचारत, "सध्या कोण कोणाशी बोलत नाही?"

माणसे आधी हसत, मग एकमेकांकडे बघत आणि मग सांगत. अमक्याचे तमक्याशी पाणंदीवरून बंद आहे. तमक्याकडे सासू-सून एका चुलीवर दोन वेगळे भात शिजवतात. भुवड तपकिरीची चिमूट ओढत, दोनदा शिंकत आणि सायकल त्या घराच्या दिशेला वळवत. "चोरी झाली तर चोर लांबचा असतो," ते म्हणत. "मारामारी झाली तर दोघं शेजारचे असतात. चोर शोधायला साहेब आहेत. मी शेजारी बघतो."

विठ्ठल भुवड हे पालीच्या पलीकडच्या काही गावांचे बीट सांभाळणारे हेड कॉन्स्टेबल होते. मूळचे अंजनवेलकडचे. उंची बेताची, पोट थोडे सुटलेले, आवाज घोगरा. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीतल्या एका दैनिकासाठी पोलीस आणि कोर्ट ही दोन ठिकाणे बघत असे. बातमी देणारे पोलीस पुष्कळ होते. भुवड बातमी देत नसत. ते माणसांबद्दल बोलत. सुट्टीच्या संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर ते चणे खात बसलेले सापडत, आणि कोणाच्या मुलीचे लग्न कुठे अडले आहे इथून सुरू झालेले बोलणे कोणत्या बांधावर पुढच्या महिन्यात कोयती निघणार आहे इथे येऊन थांबे. बहुतेक वेळा ती कोयती निघत नसे, कारण मधल्या काळात भुवड त्या बांधावर जाऊन आलेले असत.

त्यांची पद्धत साधी होती. ते जाऊन बसत. "दार उघडं असलं तर आत बसायचं. बंद असलं तर ओसरीवर बसायचं. ओसरीला दार नसतं," असे ते सांगत. एका गावात दोन भाऊ एकाच घराच्या दोन भागांत राहत होते आणि अंगणातल्या फणसावरून त्यांचे बोलणे तुटले होते. भुवडांनी फणसाचा विषय काढलाच नाही. सायकलचे चाक बसले आहे असे सांगून त्यांनी थोरल्याकडे पंप मागितला आणि धाकट्याकडे घमेलेभर पाणी. थोरला हवा भरत होता, धाकटा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत होता. बुडबुडा काही सापडेना.

"अरे नीट बुडव ना, मेल्या!" थोरला वैतागून ओरडला.

"तू आधी हवा तर भर!"

भुवड उठून उभे राहिले. "बोललात ना? आता फणसाचं बोला." ट्यूब धडधाकट होती. हवा त्यांनी वाटेतच सोडली होती. ही हकिकत ते स्वतः अनेकदा सांगत आणि दर वेळी तो फणस थोडा मोठा होत असे.

ठाण्यात त्यांच्याबद्दल मत बरे नव्हते. पोलिसाचे काम नोंदलेल्या गुन्ह्यांवर मोजले जाते. न झालेल्या गुन्ह्याला रकाना नाही. एका फौजदारांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारले होते, "भुवड, तुम्ही पोलीस आहात की गावचे जावई?" भुवड म्हणाले, "जावयाला जेवायला घालतात, साहेब. मला चहासुद्धा काळा मिळतो." फौजदार हसले, पण शेरा चांगला दिला नाही.

या बीटमध्ये खैरकोंड नावाचे गाव होते. तिथे गावकीचा शब्द चाले आणि गावकीत दाजींचा. दाजींच्या कलमांच्या बागा होत्या, देवळाच्या कारभारात ते पुढे होते आणि गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळातही त्यांच्या पत्राला वजन होते. एका मे महिन्यात त्यांच्या बागेत बारकू पवार नावाचा कातकरी आंबे उतरवायला होता. आंबे काढायची जाळीची काठी, झेला, घेऊन शेंड्यापर्यंत चढणारा असा माणूस त्या भागात दुसरा नव्हता. आंबे कमी भरल्याचा संशय आला आणि दाजींच्या दोन मुलांनी बारकूला कलमाला बांधून त्याच्याच झेल्याच्या काठीने मारले. त्याचा उजवा हात कोपरात मोडला. तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्या हाताने तो पुन्हा झाडावर चढला नाही.

मारले तेव्हा भर दुपार होती आणि बागेत माणसे होती. भुवड दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा त्यातले कोणी पाण्याला गेले होते, कोणी झोपले होते, एकाला दुपारी दिसतच नव्हते. शेवटी ते बागेला लागून असलेल्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले. तिथे सुभद्रा राहत होती. नवरा पांडुरंग मुंबईत एका गोदामात कामाला; घरात ती, तिची लहान मुलगी आणि म्हातारे सासरे, तानूआजा.

"बाय, काल दुपारी कुठं होतीस?"

"हितंच. परड्यात लाकडं जमवत होते."

"काय बघितलंस?"

सुभद्राने आत सासऱ्याकडे पाहिले. मग तिने सांगितले. कोणी बांधले, कोणी काठी घेतली, कोण बाजूला उभे राहून बघत होते. "मी वरडले, सोडा त्याला. सोडला नाय. मग मी गडी लांब ग्येल्यावर त्याला पाणी पाजलं."

भुवड मग म्हणाले, "हे कोर्टात सांगशील?"

"बगितलं ते सांगायला काय?"

"त्रास होईल."

"तुमी हाव ना?"

"आहे," भुवड म्हणाले.

हा एक शब्द त्यांनी दिला. पुढचे सगळे त्या शब्दाचे आहे.

जबाब नोंदला गेला, दाजींच्या मुलांना अटक झाली, जामीन झाला. पहिला पाऊस लागला तशी गावकीची बैठक झाली. बैठकीत काय ठरले ते कोणी सांगितले नाही. पण सुभद्राला ते कळायला वेळ लागला नाही. लावणीला कोकणात घरे एकमेकांच्या शेतात उतरतात. तिच्या शेतात कोणी उतरले नाही. गिरणीवाल्याने तिचे दळण "पट्टा तुटलाय" म्हणून परत केले आणि तिच्यामागच्या बाईचे दळून दिले. विहिरीवर ती आली की बाकीच्या घागरी उचलून बाजूला होत. तिच्या मुलीबरोबर शाळेत जाणाऱ्या मुली वेगळ्या वाटेने जाऊ लागल्या. तिला कोणी शिवी दिली नाही, ढकलले नाही, दगड मारला नाही. ती आहे हेच गावाने मान्य करणे थांबवले.

कोकणातल्या बहुतेक गावांची मुंबईत एक खोली असते. गावकीने घेतलेली; गावचे पुरुष तिथे पाळीपाळीने झोपतात आणि भिंतीला प्रत्येकाची एक ट्रंक असते. पांडुरंग एका संध्याकाळी कामावरून आला तेव्हा त्याची ट्रंक बाहेर जिन्यावर होती. आतून कोणीतरी म्हणाले, "गावचं पत्र आलंय." दार लागले.

भुवड फौजदारांकडे गेले. साक्षीदारावर दबाव येतो आहे, असे त्यांनी सांगितले. त्या वेळचा संवाद त्यांनी मला मांडवीला जसाच्या तसा ऐकवला होता.

"मारलं का तिला?"

"नाही साहेब. वाळीत टाकलंय."

"धमकी दिली?"

"तिच्याशी कोणी बोलतच नाही, तर धमकी कशी देणार?"

"मग गुन्हा कसला नोंदवू? बोलत नाहीत म्हणून?"

फौजदारांचे कायद्याप्रमाणे फारसे चुकत नव्हते. वाळीत टाकण्याविरुद्ध पूर्वी एक कायदा झाला होता. तो कोर्टात टिकला नाही. दाजींना विचारले तर ते हात जोडून म्हणत, "आमच्या गावात वाळीत वगैरे काय नाय साहेब, तो जुना काळ ग्येला." एखाद्या बाईचे दळण, शेत, पाणी, नवऱ्याची झोपायची जागा आणि मुलीची शाळेची सोबत काढून घेता येते, तीही सरकारच्या खटल्यातली साक्ष बदलावी म्हणून, आणि सरकारच्या पुस्तकात त्याला नाव नसते. ज्या सरकारने तिला साक्ष द्यायला बोलावले, तेच सरकार तिला विचारत होते की तुला झाले तरी काय.

भुवडांनी मग त्यांच्या हातात होते ते केले. दर आठवड्याला ते खैरकोंडला जात, मुद्दाम दिवसाढवळ्या, गावाच्या मधल्या वाटेने, घंटी वाजवत. सुभद्राच्या ओसरीवर टोपी काढून बसत. तानूआजाबरोबर भाताच्या जातींवर वाद घालत. जाताना दळणाचे गाठोडे सायकलच्या मागे बांधत आणि पुढच्या खेपेला पालीच्या गिरणीतून पीठ आणून देत. "गावानं बोलणं बंद केलंय ना? मग मी दोघांचं बोलतो," ते म्हणत, आणि खरोखरच इतके बोलत की तानूआजा कानावर हात ठेवी. "हवालदार, वाळीत बरं होतं मना," तो म्हणे.

एकदा ते असेच बसलेले असताना पांडुरंग मुंबईहून आला. चप्पलसुद्धा न काढता तो ओसरीसमोर उभा राहिला.

"हवालदार, चहा झाला असंल तर उठा. तुमच्या चहापायी माजी ट्रंक जिन्यावर आली."

"बस. तूपण घे."

"माज्या घरात तुमी मना चहा देताव?"

आतून सुभद्राचा आवाज आला, "साखर त्यांनीच आणलान हाय. बसा."

पांडुरंग बसला, पण चहाला हात लावला नाही. चार लोकांत मान वर करता येत नाही, तो म्हणाला. दाजींनी निरोप दिला आहे. बाईने कोर्टात एवढेच म्हणायचे, की मी लांब होते, नीट दिसले नाही. सगळे त्याच दिवशी सुरळीत होईल.

"आणि बारकूचा हात?" सुभद्रा दारात येऊन म्हणाली. "तोपण त्याच दिवशी सुरळीत व्हईल?"

"बारकू काय तुजा भाव हाय?"

"नाय. म्हणून खोटं बोलू?"

भुवडांनी पांडुरंगला एवढेच विचारले की तो सध्या झोपतो कुठे. तो गोदामाच्या ओट्यावर झोपत होता. भुवडांच्या स्वतःच्या गावाची मुंबईत अशीच खोली होती. तिथल्या माणसांना निरोप गेला आणि पांडुरंगची ट्रंक त्या भिंतीला लागली. परका माणूस गावच्या खोलीत घेणे ही लहान गोष्ट नसते. भुवडांच्या गावाने ती केली. पांडुरंगने त्यानंतर बायकोला साक्षीबद्दल काही म्हटले नाही.

शिमगा आला तेव्हा खैरकोंडच्या गावकीला आपली चूक कळली. देवळातून पालखी बाहेर पडताना पहिला खांदा तानूआजाच्या घराचा असे. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर देवाला कौल लावावा लागतो, आणि कौल लावला तर का लावला हे देवळात उघड बोलावे लागते. वाळीत टाकताना हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. ज्या घराशी बोलायचे नाही, त्या घराच्या खांद्यावाचून देव हलत नव्हता.

दाजी आणि दोन मानकरी दुपारी सुभद्राच्या अंगणात आले. भुवड ओसरीवर होते. तानूआजा त्यांच्या शेजारीच, दोन हातांच्या अंतरावर बसला होता. दाजींनी त्याच्याकडे बघायचे टाळले.

"हवालदार," दाजी म्हणाले, "तान्याला सांगा, उद्या पालखी निघतेय. सकाळी देवळात यावं."

भुवडांनी एकदा दाजींकडे आणि एकदा तानूआजाकडे पाहिले. "हा इथंच बसलाय. तुम्हीच सांगा."

"तुमी सांगा."

"मी पोलीस आहे, दाजी. तारमास्तर नाही. आणि तुमच्या गावात तर वाळीत वगैरे काही नाही ना? मग बोला की."

मानकऱ्यांपैकी एक जण खाकरला. दाजींचा चेहरा लाल झाला. "मानापुरता यायचं," ते भुवडांकडे बघतच म्हणाले. "खांदा द्यायचा नि घरी जायचं. पुढचं पुढं."

"म्हणजे देवळात तो गावातला, आणि घरी आला की पुन्हा वाळीत?"

भुवडांना वाटत होते की म्हातारा आता नाही म्हणेल. एक शब्द म्हटला असता तर सगळी गावकी अंगणात आली असती. पण तानूआजा देवभोळा माणूस होता. त्यानेही दाजींकडे न बघता भुवडांनाच सांगितले, "हवालदार, दाजीला सांगा, येतो. माजं भांडण गावाशी हाय, देवाशी नाय." मग म्हणाला, "आनी सांगा, देव सगळ्यांच्या दारात जातो. माज्यापन येतो का बगू."

दुसऱ्या दिवशी सुभद्राने अंगण सारवले, रांगोळी काढली, ओटी भरायला तांदूळ आणि नारळ काढून ठेवला. तानूआजाने देवळात पहिला खांदा दिला. ढोल वाजले. पालखी घरोघर फिरू लागली आणि बंदोबस्ताला भुवड तिच्याबरोबर चालत होते, कारण ती त्यांची ड्युटी होती. सुभद्राच्या घराच्या अलीकडच्या वळणावर पालखी वळली आणि वरच्या वाडीकडे गेली. ढोल थांबले नाहीत. अंगणात तानूआजा हात जोडून उभा होता. मुलगी उड्या मारत बघत होती. तिला वाटले पालखी मागच्या बाजूने येईल. भुवडांना पालखीबरोबर वर जावे लागले.

"सरकारचा बंदोबस्त," ते मला नंतर म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "कोणाला संरक्षण? पालखीला! तिला कोण हात लावणार होतं? हात ज्यांचे मोडले त्यांना बंदोबस्त नाही. आणि मी, वर्दी घालून, वाळीत टाकणाऱ्यांच्या मिरवणुकीपुढं वाट मोकळी करत चाललोय."

खटला नंतर काही आठवड्यांनी उभा राहिला. बारकूने घडले ते सांगितले; पण मार बसताना आपली शुद्ध गेली होती, काठी शेवटी कोणाच्या हातात होती ते सांगता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले. त्यामुळे सगळा भार सुभद्रावर आला. मी कोर्टात होतो. तिची साक्ष सरळ होती, एकही शब्द हलला नाही. मग आरोपींचे वकील उठले. त्यांनी बागेबद्दल काही विचारले नाही.

"हवालदार भुवड तुमच्या घरी येतात?"

"व्हय."

"किती वेळा?"

"आठवड्यातून येकदा."

"चहा घेतात?"

"घेतात."

"तुमच्या घरात पीठ कोण आणून देतं?"

"हवालदार."

कोर्टात हशा झाला. वकिलांनी तो संपू दिला. "तुमच्या नवऱ्याला मुंबईत राहायला जागा कोणी दिली?"

"हवालदारांच्या गाववाल्यांनी."

"गावातलं दुसरं कोणी तुमच्याकडे येतं?"

"कोन येत नाय. म्हणून तर ते..."

"विचारलं तेवढंच सांगा, बाई," न्यायाधीशांकडून सूचना आली.

तेवढेच सांगितले गेले. तेवढेच लिहिले गेले. गाव तिच्याकडे का येत नव्हते, हे कोणी विचारले नाही, त्यामुळे ते कागदावर आले नाही. कागदावर एवढेच राहिले की एकुलत्या साक्षीदाराच्या घरी तपासातला पोलीस वर्षभर जात होता, तिचे दळण आणत होता आणि तिच्या नवऱ्याची सोय त्याने लावली होती. साक्ष पढवलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. दाजींची मुले निर्दोष सुटली. कोर्टाच्या आवारात त्यांना हार घातले गेले. खैरकोंडने आधी तिला एकटे पाडले, आणि ती एकटी असताना तिच्याजवळ फक्त पोलीस होता, हा मग तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. इतके बेमालूम काम दाजींना एकट्याने जमले नसते. त्याला कायद्याची मदत लागली, आणि ती मिळाली.

खात्यानेही उशीर केला नाही. साक्षीदाराशी अनावश्यक सलगी ठेवून खटला कमकुवत केल्याबद्दल भुवडांची वेतनवाढ रोखली गेली आणि रत्नागिरीला मुख्यालयात गार्ड ड्युटीवर बदली झाली. पूर्वीच्या बीटमध्ये परवानगीशिवाय जाऊ नये, अशी ताकीद मिळाली. ज्या माणसाचे सगळे काम लोकांशी बोलण्यावर चाले, त्याला एका बंद दरवाजासमोर बंदूक घेऊन उभे केले गेले. ज्या फौजदारांनी वर्षभर साक्षीदारासाठी बोट हलवले नाही, त्यांच्या नोंदीला डाग लागला नाही.

भुवडांनी ताकीद पाळली. त्यांना मोठे करण्यासाठी हे लपवण्यात अर्थ नाही. पेन्शनीला थोडी वर्षे होती, धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे होते. "साधे कपडे घालून एसटीनं जाऊन आलात तर कोण विचारतंय?" असे मी एकदा म्हटले. ते म्हणाले, "दाजी विचारेल. त्याला आता माझी वाटच बघायची आहे." ते खैरकोंडला पुन्हा गेले नाहीत. मांडवीला येणेही कमी झाले.

निकालानंतर दाजींनी सुभद्राला निरोप धाडला होता: देवळात नारळ ठेवून 'चुकलं' म्हण, गाव तुला घेईल. तिने नारळ ठेवला नाही. त्याच पावसाळ्यात तानूआजा गेला. तिरडी उचलायला पांडुरंग, भुवडांच्या गावच्या खोलीतली त्याच्याबरोबर मुंबईहून आलेली दोन माणसे आणि मोडक्या हाताचा बारकू, एवढे होते. देवाच्या पालखीला ज्याचा पहिला खांदा लागे, त्याला गावचा एक खांदा मिळाला नाही.

भुवडांच्या जागी नवे हवालदार आले. ते मोटरसायकलवरून येत, दाजींकडे भेटीच्या वहीत सही घेत आणि जात. त्या बीटमध्ये गुन्हे घटले. ठाण्याच्या एका कार्यक्रमात खैरकोंडचा उल्लेख शांत गाव म्हणून झाला. तो उल्लेख आमच्या दैनिकात आला. पाहुण्यांच्या भाषणातला होता, म्हणून आला.

पुढच्या शिमग्यानंतर बारकूची झोपडी जळली. आत कोणी नव्हते, एवढेच नशीब. या वेळी फौजदारही नवे होते, तरुण, काम करण्याची इच्छा असलेले. जागा बघायला ते स्वतः आले. मीही गेलो होतो. झोपडीकडे जाणारी वाट सुभद्राच्या अंगणातून दिसते. फौजदारांनी अंगणात उभे राहून तिला नीट, आदराने विचारले, "बाई, आग लागायच्या आधी या वाटेनं कोण गेलं ते तुम्ही पाहिलंत का?"

सुभद्रा भात पाखडत होती. सूप खाली ठेवून ती उठली.

"बगितलं," ती म्हणाली.

"मग सांगा. घाबरू नका. मी आहे."

"सांगते, सायब. पन आधी तुमी सांगा. तुमची बदली कधी हाय?"

फौजदार गोंधळले. बदली सरकारच्या हातात असते, असे काहीतरी म्हणाले. सुभद्राने मान हलवली, सूप उचलले आणि पुन्हा पाखडायला बसली. 'माहिती देण्यास तयार नाही,' असे तिच्या नावापुढे लिहिले गेले. आग अपघाताने लागली असे ठरले.

भुवड तेव्हा आजारी रजेवर, पोलीस लाइनीतल्या घरी अंथरुणावर होते. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना हे सांगितले. त्यांनी तिचा प्रश्न माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतला, शब्द न शब्द. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "बरोबर विचारलान. मलाच तिनं पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं तुम्ही?"

बायकोने आणून ठेवलेले पाणी त्यांनी बाजूला सारले.

"आहे म्हणूनच सांगितलं असतं," ते म्हणाले. "मला जबाब हवा होता."